चोवीस पटींचा नेम

क्लेटन मोयरनं बंदुकीला स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, बसवायचं ठरवलं, त्याला कारण एक कोबी होता. (पुढे जे घडलं त्याला कारण खुद्द क्लेटन होता, पण हे मान्य करायला त्याला बराच वेळ लागला.)

जुलैतली सकाळ होती. क्लेटन नाश्त्याला बसला होता. त्याची बायको आर्डिथ मागच्या दारानं आत आली आणि तिनं त्याच्या बशीशेजारी एक हिरवी चिंधी ठेवली.

"हे काय?" क्लेटननं विचारलं.

"काल संध्याकाळपर्यंत हा कोबी होता."

क्लेटननं काट्यानं चिंधी उलटून पाहिली. दुसऱ्या बाजूनंही ती चिंधीच होती.

"उरले किती?"

"तीन. मोठा अजून शाबूत आहे. त्याला बहुतेक तो रविवारसाठी राखून ठेवतोय."

'तो' म्हणजे ग्राउंडहॉग. मोयरांच्या घरामागे कुरण आहे आणि कुरणापलीकडे टेकडीच्या पायथ्याशी दगडांचा ढीग आहे, तिथे त्याचं बीळ. ज्यांनी ग्राउंडहॉग पाहिलेला नाही त्यांनी आपली घूस डोळ्यांपुढे आणावी, तिला वडिलोपार्जित जमीन आणि दोन वेळचं फुकट जेवण द्यावं, आणि काही वर्षं थांबावं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या त्या भागात अशा घुशी घरटी एक असतात. मोयरांच्या वाट्याला आलेली तालुक्यात सगळ्यात चोखंदळ होती. तिला मोयरांच्या बागेतलं फक्त आर्डिथनं हातानं लावलेलं आवडायचं.

मोठा कोबी हा त्या घरातला नाजूक विषय होता. ऑगस्टअखेरच्या जत्रेत कोबीची स्पर्धा असते. परीक्षक त्या दिवशी सकाळी वाफ्यावर येऊन कोबी बघतात आणि मग तो जत्रेत मांडतात. पहिल्याला निळी फीत, दुसऱ्याला लाल. आर्डिथचा नंबर दरवर्षी दुसरा यायचा आणि पहिला यायचा हेफनरबाईंचा. लाल फिती इतक्या साचल्या होत्या की आर्डिथनं त्यांची उशीच्या अभ्र्याला झालर लावली होती. त्या उशीवर तिला झोप मात्र लागत नसे. यंदाचा कोबी वेगळा होता. जुलैतच तो धुण्याच्या टोपलीएवढा झाला होता आणि आर्डिथ त्याच्याजवळून जाताना आवाज खाली आणून बोलायची.

क्लेटननं उपाय करून पाहिले नव्हते असं नाही. त्यानं कुंपण घातलं, ग्राउंडहॉग कुंपणाखालून आला. न्हाव्याच्या दुकानातून केस आणून वाफ्याभोवती पसरले, ते ग्राउंडहॉगनं बिळात अंथरायला नेले असावेत. सफरचंद लावून पिंजरा ठेवला, त्यात आर्डिथचं मांजर सापडलं. सोडवलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा आत. (दुसऱ्या वेळी ते सफरचंदासाठी गेलं नसावं. घरात कोबीवरून जे चाललं होतं त्यापेक्षा पिंजऱ्यात शांतता होती.)

"मी लामारला फोन करते," आर्डिथ म्हणाली.

लामार हा तिचा भाऊ. त्याच्या घरात टीव्हीच्या वर एक हरीण, फ्रीजच्या वर एक हरीण आणि न्हाणीघराच्या दारावर एक रानडुक्कर, सगळी पेंढा भरलेली, मानेपर्यंत. जेवायला गेलं की पाहुण्यापेक्षा भिंतीच जास्त निरखून बघतायत असं वाटे.

"लामार कशाला?" क्लेटन म्हणाला. "मी मारतो."

आर्डिथनं नवऱ्याकडे पाहिलं. क्लेटननं जन्मभर जिल्हा कचेरीच्या एका खिडकीत बसून कुत्र्यांचे परवाने दिले होते. त्या खिडकीत त्याचा दरारा होता. एकाही कुत्र्यानं कधी तक्रार केली नव्हती. परंतु त्याच्या हातून आजवर मेलेलं सर्वांत मोठं जनावर म्हणजे एक गांधीलमाशी, आणि तीही आधी चावून गेली होती.

"कशानं मारणार?"

"वडलांची बंदूक आहे की."

"आणि डोळे कुणाचे?"

प्रश्न रास्त होता. क्लेटनचा चष्मा दोन मजली. वरच्या भिंगातून ग्राउंडहॉग दिसायचा, खालच्या भिंगातून बंदूक. दोन्ही एका वेळी दिसायचे असतील तर मान अशी काही वाकवावी लागे की पाहणाऱ्याला वाटावं, हा बंदुकीचा वास घेतोय. गेल्या आठवड्यात त्यानं गुपचूप एक गोळी झाडून पाहिली होती. तिचं पुढे काय झालं हे कोणालाच कळलं नाही.

"स्कोप बसवतो," क्लेटन म्हणाला. एवढंच. पुढचं सगळं या दोन शब्दांतून उगवलं.

इथे एक अडचण सांगायला हवी. क्लेटन ग्राउंडहॉग लॉज नावाच्या मंडळाचा सभासद होता. त्या मुलखात लोकांच्या पणजोबांनी जर्मनीहून येताना भाषा, सॉसेज आणि थोडासा हट्ट बरोबर आणला. पैकी भाषा आता उरली आहे ती मुख्यतः लॉजच्या जेवणात. दर फेब्रुवारीत चारशे पुरुष अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जमतात, उजवा हात पंज्यासारखा वाकवून छातीपाशी धरतात आणि ग्राउंडहॉगशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतात. मग वर्षाचं हवामान तो सांगेल तेच खरं असं जाहीर करून जेवायला बसतात. जेवताना जो इंग्रजी शब्द बोलेल त्याला दंड. व्यासपीठावर त्यांचा ओपा बसलेला असतो. ओपा म्हणजे आजोबा. कागदाच्या लगद्याचा, आतून पोकळ, दहा वर्षांच्या पोराएवढा ग्राउंडहॉग. डोक्यावर काळी उंच टोपी, पुढचे दोन दात बाहेर, आणि चेहऱ्यावर निवृत्त न्यायाधीशाचा भाव.

आता तुम्ही म्हणाल, शपथ घेतलेला माणूस स्कोप घ्यायला कसा निघाला? तर तसे सगळेच निघत. फेब्रुवारीत भक्ती आणि जुलैत बंदूक, यात कोणालाच विसंगती दिसत नसे. फक्त लॉजचा प्रमुख एल्वुड फेन्स्टरमाखर याला दिसायची. त्याच्या बागेत ग्राउंडहॉग गाजर खायचा आणि एल्वुड खिडकीतून त्याला अभिवादन करायचा. म्हणून ही गोष्ट एल्वुडच्या कानावर जाऊ नये एवढी खबरदारी क्लेटननं घेतली, आणि शनिवारी भर दुपारी, सगळं गाव जिथे बसतं त्या कुन्कलच्या दुकानात तो स्कोप घ्यायला गेला.

राल्फ कुन्कलच्या दुकानात बंदुका, गळ, बूट आणि घोड्यांचं औषध मिळतं. मधोमध लोखंडी शेगडी आहे. उन्हाळ्यात ती पेटवत नाहीत, पण माणसं तिच्याभोवतीच बसतात. लामारही बसला होता.

"काय मारायचंय?" कुन्कलनं विचारलं.

"ग्राउंडहॉग," क्लेटन हळू म्हणाला.

"ग्राउंडहॉग," लामारनं ते मागच्या बाकापर्यंत पोचवलं.

"किती लांबून?"

"मागच्या ओसरीवरून. कुरणापलीकडच्या दगडांपर्यंत."

कुन्कलला ते कुरण माहीत होतं. त्यानं कपाटातून एक बारीकशी काळी नळी काढली. "सहा पट. फिरवायला काही नाही, म्हणून बिघडायलाही काही नाही. बंदुकीवर सपाट बसतो. घे आणि घरी जा."

"सहा पटीत काय दिसणार?" लामार म्हणाला.

"ग्राउंडहॉग दिसेल," कुन्कल म्हणाला. "आणखी काय दिसायला पाहिजे?"

"मिशा."

शेगडीभोवती विचारमंथन सुरू झालं. एकजण म्हणाला की दुपारच्या उन्हात जमिनीतून वाफ उठते, मोठ्या स्कोपातून फक्त तीच थरथरताना दिसते. दुसरा म्हणाला की पट जितके जास्त तितका आपला हात किती कापतो ते स्वच्छ कळतं, आणि या वयात ते कळून घेण्यात अर्थ नाही. तिसऱ्याचं म्हणणं, त्याच्या सासऱ्यानं स्कोपशिवायच सगळं आयुष्य काढलं. सासऱ्यानं काही मारलं का, हे विचारल्यावर तो गप्प बसला.

तेवढ्यात क्लेटनची नजर काचेच्या कपाटात वरच्या खणाकडे गेली. तिथे एक स्कोप एकटाच मखमलीवर पहुडला होता. आठ ते चोवीस पट. पुढची काच छप्पन मिलिमीटर. वरती एक फिरकी, बाजूला एक फिरकी, मागे एक कडं, आणि सगळीकडे बारीक पांढरे आकडे. क्लेटन विरघळला. ज्या वस्तूवर आकडे जास्त ती जास्त सरकारी, आणि म्हणून जास्त भरवशाची, अशी त्याची नोकरीत घडलेली श्रद्धा होती.

"तो कोणासाठी आहे?"

"जे दुसऱ्या जिल्ह्यातला ग्राउंडहॉग मारतात त्यांच्यासाठी," कुन्कल म्हणाला. "तुझ्या कुरणाला तो नको."

"पण चालेल ना?"

"चालेल तर काय. आर्डिथला पाव कापायला करवत पण चालेल."

लामारनं मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला. "घे, क्लेट. एकदाच घ्यायचा असतो."

क्लेटननं घेतला. पुढची काच एवढी मोठी की बंदुकीच्या नळीवर टेकू लागली, म्हणून कुन्कलनं सर्वांत उंच कड्या लावून स्कोप वर उचलला. काम झाल्यावर बंदुकीला स्कोप बसवल्यासारखं न दिसता स्कोपला बंदूक बसवल्यासारखं दिसू लागलं.

"एक लक्षात ठेव," कुन्कल पेचकस पुसत म्हणाला. "तुझा डोळा आता वरच्या मजल्यावर राहायला गेलाय. गोळी तळमजल्यावरच राहते. लांबवर दोघांची गाठ पडते, जवळ पडत नाही. म्हणून झाडण्याआधी मान वर काढून नळीसमोर काय आहे ते नुसत्या डोळ्यांनी बघायचं."

क्लेटननं मान डोलावली. परवान्याच्या खिडकीत लोक कुत्र्याचा स्वभाव सांगू लागले की तो जशी डोलवायचा, अगदी तशी.

रविवार गेला आणि सोमवारी लामार त्याला जुन्या खाणीत नेम जुळवायला घेऊन गेला. तिथल्या कागदी लक्ष्यावर क्लेटननं बऱ्यापैकी छिद्रं पाडली. एकदाच तो काचेला फार चिकटून बसला आणि धक्क्यासरशी स्कोपच्या मागच्या कड्यानं त्याच्या भुवईवर टपली मारली. तिथे एक लाल चंद्रकोर उमटली.

"हे ग्राउंडहॉगनं केलं?" घरी आल्यावर आर्डिथनं विचारलं.

"त्यानं अजून मला पाहिलंही नाही."

"मग त्याला कळलं कसं की घाबरायचं नाही?"

मंगळवारपासून क्लेटन मागच्या ओसरीवर ठाण मांडून बसू लागला. कठड्यावर उशी (लाल फितींची नव्हे, तिला हात लावायची परवानगी नव्हती), उशीवर बंदूक, बंदुकीवर स्कोप, स्कोपला डोळा. चोवीस पटीत जग फार सुंदर दिसायचं, पण फार थोडं दिसायचं. ग्राउंडहॉग बाहेर आला की आर्डिथ स्वयंपाकघराच्या खिडकीतून दबक्या आवाजात वाट सांगायची.

"डावीकडे. ढिगाच्या डावीकडे. दिसला?"

"मला खिळा दिसतोय."

"कसला खिळा?"

"गंजलेला. कुंपणाचा असावा. वर कोणीतरी तार गुंडाळलीये."

"क्लेट, तो वाफ्याकडे चाललाय. उजवीकडे घे."

"आता एक पान आहे. पानावर मुंगी आहे."

"मुंगी सोड."

"तिच्या तोंडात काहीतरी आहे."

"तिच्या तोंडात माझा कोबी असणार. अरे, ते कडं फिरवून पट कमी कर ना जरा."

पण पट कमी करायचे तर चोवीस पटींचा घेतला कशाला? क्लेटननं कडं हलवलं नाही. बुधवारी त्याला ग्राउंडहॉगचा डावा कान सापडला. तो एवढा स्पष्ट होता की उरलेला ग्राउंडहॉग शोधायचं त्याला भान राहिलं नाही, आणि तोवर तीनातला एक कोबी गेला. गुरुवारी दुसरा गेला. आता एकटा मोठाच उरला. आर्डिथनं रात्री जेवताना भावाचं नाव घेतलं नाही, फक्त फोनची वही स्वतःच्या खुर्चीजवळ आणून ठेवली.

शुक्रवारी एल्वुड फेन्स्टरमाखर ओपाला छोट्या ट्रकमध्ये घालून घेऊन आला. जत्रेच्या मिरवणुकीसाठी ओपाला रंग द्यायचा होता आणि यंदा ती पाळी क्लेटनची होती. क्लेटननं बंदूक घाईघाईनं सोफ्याखाली ढकलली.

"रंग उद्या सकाळी बघायला येतो," एल्वुड जुन्या जर्मनमध्ये म्हणाला. लॉजच्या कामावर असताना तो वर्षभर इंग्रजीला शिवत नसे. "नाक जपून रंगव. आणि भुवईला काय झालं?"

"कपाटाचं दार," क्लेटन म्हणाला. (जर्मनमध्ये खोटं बोलायला त्याला नेहमीच जरा वेळ लागायचा.)

दिवसभर खपून क्लेटननं ओपाला रंगवलं. टोपी काढून वेगळी रंगवली. वाळायला वारा लागावा म्हणून ओपाला ओसरीच्या पायऱ्यांसमोर गवताच्या गाड्यावर बसवलं, कुरणाकडे तोंड करून. गाड्यावर बसल्यावर ओपाचं टाळकं बरोबर ओसरीच्या कठड्याइतकं उंच आलं. ते क्लेटनच्या लक्षात आलं नाही. आलं असतं तर ही गोष्ट झाली नसती आणि आर्डिथ अजून लाल फितींवर झोपत असती.

शनिवारी सकाळी आर्डिथनं खिडकीतून सांगितलं, "आला. सरळ वाफ्याकडे निघालाय. मोठ्याकडे."

क्लेटननं स्कोपला डोळा लावला. आणि आश्चर्य, यावेळी खिळा नाही, मुंगी नाही. गोल काचेत सगळा ग्राउंडहॉग मावला होता. उभी-आडवी रेघ बरोबर छातीवर. मिशा दिसत होत्या. लामार खोटं बोलला नव्हता. तळाशी एक तपकिरी धूसर डाग होता, पण क्लेटनला वाटलं, काच पुसायला हवी. मान वर काढून नुसत्या डोळ्यांनी बघायचं, असं कोणीतरी काहीतरी म्हणालं होतं. पण इतक्या दिवसांनी सापडलेला ग्राउंडहॉग सोडून मान कोण वर काढील?

त्यानं श्वास रोखला आणि चाप ओढला.

आवाज झाला. टेकडीच्या उतारावर, भलतीकडेच, थोडी माती उडाली. ग्राउंडहॉगनं मान वर केली, इकडेतिकडे पाहिलं आणि चघळत चघळत बिळाकडे परत निघाला. ओसरीवरची बंदूक तो आठवडाभर पाहत होता आणि तिनं त्याचं काही बिघडवलं नव्हतं. त्याचा क्लेटनवर आता विश्वास बसला होता.

"लागला?" आर्डिथनं विचारलं.

"लागायलाच हवा. एवढा स्वच्छ दिसत होता."

"क्लेट," आर्डिथ म्हणाली. तिचा आवाज एकदम सौम्य झाला होता, आणि ते चांगलं लक्षण नव्हतं. "ओपाकडे बघ."

क्लेटननं मान वर काढली. डोळा वरच्या मजल्यावरून कुरण पाहत होता तेव्हा तळमजल्यावरची नळी सरळ ओपाच्या डोक्यामागे टेकल्यासारखी होती. ओपाच्या ताज्या रंगवलेल्या टाळक्यात मागून एक गोल भोक पडलं होतं. क्लेटन गाड्याला वळसा घालून पुढे गेला. गोळी पुढच्या दोन दातांच्या मधल्या फटीतून बाहेर पडली होती. दात शाबूत होते. नेम म्हणून पाहिलं तर अप्रतिम होता.

नेमक्या त्याच वेळी अंगणात एल्वुडची गाडी येऊन थांबली.

एल्वुड उतरला. त्याच्या हातात बायकोनं भाजून पाठवलेला ॲपल पाय होता. त्यानं ओपाला समोरून पाहिलं, मागून पाहिलं, मग हॅट काढली.

"पाठीमागून," तो म्हणाला.

"एल्वुड, ते काय झालं, की स्कोप जरा उंच—"

"शपथ घेतलेल्या माणसानं. बेसावध असताना. टोपीही नव्हती डोक्यावर." एल्वुड एवढा हादरला होता की हे सगळं इंग्रजीत बोलला. ते लक्षात आल्यावर त्यानं एका खिशातलं नाणं काढून दंड म्हणून दुसऱ्या खिशात टाकलं आणि पुन्हा जर्मन बोलू लागला. "याचा निर्णय मंडळ करील. तोवर ओपा इथेच राहील, मिरवणुकीत जाणार नाही. आणि हा ॲपल पाय मी परत नेतोय."

तो गेल्यावर क्लेटन पायरीवर बसून राहिला. गाडा आत ओढायचंही त्याला सुचलं नाही. ग्राउंडहॉग जिवंत, ओपा जखमी, लॉजमध्ये तोंड दाखवायची सोय नाही, आणि घरात फोनची वही आता थेट फोनवरच ठेवलेली. आर्डिथ बाहेर येऊन शेजारी बसली.

"मी लामारला बोलावते उद्या," ती म्हणाली. "तू वाईट वाटून घेऊ नकोस."

"उद्या रविवार आहे. त्यानं तो कोबी रविवारसाठीच राखून ठेवलाय, असं तू म्हणाली होतीस ना."



दुपार कलली तशी घरावरून कुरणाकडे वारा सुटला. आणि गाड्यावरून शीळ आली.

लांब, तीक्ष्ण, वर चढत जाणारी शीळ. वारा मागच्या भोकातून पोकळ डोक्यात शिरत होता आणि दोन दातांच्या मधून बाहेर पडत होता. क्लेटन दचकून उभा राहिला. पण दचकला तो एकटाच नव्हता. वाफ्यापासून हातभर अंतरावर आलेला ग्राउंडहॉग जागच्या जागी ताठ झाला, मागच्या पायांवर उभा राहिला, ओपाकडे त्यानं क्षणभर पाहिलं, आणि पोट जमिनीला घासत असा काही पळाला की त्याच्या अंगातला सगळा कोबी हलताना दिसला.

त्या मुलखात लहान पोरांनाही ठाऊक असतं की धोका दिसला की ग्राउंडहॉग शीळ घालून भाईबंदांना सावध करतो. हा तर दहा वर्षांच्या पोराएवढा भाईबंद होता. त्यानं सावध केल्यावर कोण थांबणार?

"पुन्हा वाजव," आर्डिथ म्हणाली.

"मी कुठे वाजवतोय?"

"मग वाऱ्याला सांग." ती उठली, गाड्याचा दांडा धरला. "ऊठ. याला वाफ्याजवळ घेऊ."

रविवारी कोबी शाबूत होता. सोमवारीही होता. बुधवारी ग्राउंडहॉग बिळातून अर्धा बाहेर आला, ओपानं शीळ घातली, तो अर्धा परत आत गेला. पुढच्या आठवड्यात दगडांच्या ढिगातून नवीन माती बाहेर पडायची थांबली. लामारनं येऊन पाहणी केली आणि सांगितलं की तो बिऱ्हाड हलवून ओढ्यापलीकडे गेला आहे. (ओढ्यापलीकडे लामारचं घर आहे, हे त्याच्या लक्षात यायला अजून काही दिवस होते.) कोबी इतका वाढला की आर्डिथ आता त्याच्याजवळून जाताना बोलतच नसे.

जत्रेच्या आदल्या गुरुवारी एल्वुड आला. मंडळाची बैठक झाली होती. क्लेटनला काढून टाकायचं की नुसती ताकीद द्यायची यावर एकमत झालं नव्हतं, पण ओपाशिवाय मिरवणूक निघू शकत नाही, यावर झालं होतं.

"भोक बुजवून द्या, आम्ही ओपाला नेतो," एल्वुड म्हणाला.

"भोकाला कोणी हात लावायचा नाही," आर्डिथ म्हणाली. "आणि परीक्षक माझा कोबी बघून जाईपर्यंत ओपा इथून हलणार नाही."

"आर्डिथ, तो लॉजचा आहे."

"लॉजकडे तो वर्षानुवर्षं नुसता बसून होता. माझ्याकडे आल्यावर कामाला लागला."

एल्वुडनं गाड्याचा दांडा धरला, तोच वारा आला आणि ओपानं शीळ घातली. एल्वुडचा हात आपोआप पंज्यासारखा वाकून छातीपाशी गेला. चाळीस फेब्रुवारी त्यानं ओपाला वंदन केलं होतं. ओपा उलट काही बोलल्याची ही पहिलीच वेळ.

तडजोड झाली. परीक्षक शनिवारी सकाळी येऊन गेले, दुपारी ओपा टोपी घालून मिरवणुकीत निघाला. वारा चांगला होता. ओपा रस्ताभर शीळ घालत गेला, पोरं मागे धावली, बायकांनी खिडक्या उघडल्या. लॉजमध्ये संध्याकाळी थोडा वाद झाला तो एवढाच, की शीळ इंग्रजीत आहे की जर्मनमध्ये. ती जर्मनमध्ये आहे असा निर्णय एल्वुडनं दिला आणि ओपाचा दंड वाचला. क्लेटनचाही वाचला. त्याला काढून टाकण्याचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. फक्त यापुढे ओपाला रंगवायचं काम बंदूक नसलेल्या घरात द्यावं, असं ठरलं. असं घर अजून त्यांना मिळालेलं नाही.

आणि भाज्यांच्या तंबूत, लाकडी फळीवर, आर्डिथच्या कोबीला निळी फीत लागली होती. आर्डिथ मधूनमधून फितीचं टोक बोटानं सरळ करायची, ते सरळच असताना.

तिच्याशेजारी क्लेटन नव्या शर्टात उभा होता. भोवती माणसं जमली होती. मोयरांचा ग्राउंडहॉग गेला आणि त्यात क्लेटनच्या बंदुकीचा हात होता, एवढी बातमी गावभर झाली होती. बारकावे सगळ्यांपर्यंत पोचले नव्हते. कुन्कलच्या शेगडीजवळची मंडळी आली. लामारही आला, जरा उतरल्या चेहऱ्यानं, कारण त्याच्या वालाच्या शेंगा कोणीतरी खाऊ लागलं होतं. शेवटी स्वतः हेफनरबाई लाल फीत हातात घेऊन आल्या.

"क्लेटन," त्या म्हणाल्या, "यंदा माझे निम्मे कोबी आमच्याकडच्या मेल्यानं खाल्ले. खरं सांग, तुझा स्कोप कुठला?"

आयुष्यात कुत्र्याच्या परवान्याखेरीज कोणी क्लेटनला काही विचारलं नव्हतं. त्यानं घसा साफ केला, अंगठे पट्ट्यात अडकवले.

"आठ ते चोवीस पट," तो म्हणाला. "पुढची काच छप्पन मिलिमीटर. कड्या उंच घ्यायच्या. आणि मुख्य म्हणजे बाजूची जी फिरकी असते—"

"स्कोपचं काय घेऊन बसलाय," आर्डिथ म्हणाली. तिनं फीत पुन्हा एकदा सरळ केली आणि प्रेमानं नवऱ्याच्या दंडावर थोपटलं. "तो कुठलाही चालतो. क्लेटन लागतो. आणि त्याच्या पुढ्यात ठेवायला काहीतरी, फुटलं तरी चालेल असं."

हेफनरबाईंनी क्लेटनकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आमच्या अंगणात सिमेंटचं हरीण आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी जमेल?"